साखर वाढली

अनादिबाबू भादुडी चोर नव्हते. बंगालातल्या कृष्णनगरच्या कलेक्टर कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी दफ्तर सांभाळलं, पण कचेरीची साधी टाचणीही कधी घरी आणली नाही. असा माणूस सहासष्टाव्या वर्षी स्वतःच्याच स्वयंपाकघरात स्टुलावर चढून, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या डब्यातली साखर चमचा चमचा खायला लागला, तर त्याला चोर म्हणायचं की रोगी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. स्वतः अनादिबाबूंनी दोन्ही मान्य केलं असतं, फक्त आधी चमचा चाटून झाल्यावर.

याची सुरुवात वैशाखात झाली होती. पायाला सारख्या मुंग्या येतात म्हणून ते डॉक्टर पाकडाशींकडे गेले. रक्त तपासलं तर उपाशीपोटीच साखर दोनशे ऐंशी निघाली.

"मुंग्या येणारच," डॉक्टर म्हणाले, "एवढी साखर साठवल्यावर."

संदेश बंद, रसगुल्ला बंद, सरपुरिया बंद, हे अनादिबाबूंनी मान खाली घालून ऐकलं. पण डॉक्टर भातावर घसरले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी एक छोटी वाटी, रात्री नाही. मग लुची, आमची पांढरी पुरी? तीही नाही, मैदा आहे. रव्याची खीर? नाही. शेवटी अनादिबाबूंनी चाचरत मुरमुऱ्यांचं विचारलं. मुरमुऱ्यांना आमच्याकडे कुणी खाणं समजत नाही. दोन जेवणांच्या मधला वेळ जावा म्हणून माणूस ते तोंडात टाकत बसतो.

"अनादिबाबू," डॉक्टर म्हणाले, "धान्य दळा, भाजा, नाहीतर फुगवा. रक्तात उतरलं की त्याची साखरच होते. आणि ही सवय विडीसारखी आहे. जितकं द्याल तितकं ती आणखी मागते. डोळे, मूत्रपिंडं, पाय, सगळं खाऊन टाकेल आणि वर पुन्हा भूक लागली म्हणेल."

पहिले चार दिवस अनादिबाबूंनी पथ्य अगदी कचेरीतल्या शिस्तीनं पाळलं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं, तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, आणि पेपर उशिरा टाकला म्हणून पेपरवाल्याला त्यांनी असं काही सुनावलं की तो बिचारा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारलाच पेपर टाकून गेला. चौथ्या दिवशी बायकोनं त्यांना मिठाईचं रिकामं खोकं नाकाला लावून बसलेलं पाहिलं. बायको म्हणजे शेफाली. तिनं खोकं काढून घेतलं आणि ती कंबर कसून कामाला लागली.

कारण पुढच्याच आठवड्यात तिला बंगळुरूला जायचं होतं. मुलगा सौम्य आणि सून तृणा तिथे नोकरीला, सूनबाईंचे दिवस भरत आले होते. तीन महिन्यांचा प्रश्न होता. निघण्याआधी शेफालीनं गल्लीतल्या निताई मोदक नावाच्या हलवायाच्या दुकानात जाऊन बजावलं की यांना काही विकलंस तर तुझं तोंड बघणार नाही. तरूला, म्हणजे स्वयंपाकाच्या बाईला, भाताची वाटी मापून दिली. आणि रोज सकाळी अकरा वाजता तरूनं फोन करून घरात काय आहे, काय नाही ते कळवायचं, असं ठरवून दिलं. मग ती गाडीत बसली.

तीन महिन्यांचे पाच झाले, पाचाचे आठ. नातीचं बारसं, नातीचं उष्टावण, नातीचा पहिला ताप. दोघं नोकरीवाले, बाळाला धरणार कोण? अनादिबाबू रोज संध्याकाळी फोनवर म्हणायचे, मी मजेत आहे. शेफालीही म्हणायची, मी मजेत आहे. मग दोघंही फोन ठेवायचे.

मजेत वगैरे काही नव्हतं. सकाळ कशीबशी जायची. पण चार वाजले की अनादिबाबूंचा जीव कासावीस व्हायचा. निवृत्त झाल्यापासून रोज चार वाजता दोघांनी व्हरांड्यात बसून चहा घेतला होता, बशीत दोन संदेश, त्यातला दीड त्यांचा. आता समोरची खुर्ची रिकामी आणि बशीत काकडी. पौष लागला, नव्या खजुरी गुळाचा वास निताईच्या कढईतून थेट व्हरांड्यात यायला लागला. त्या वासानं त्यांना भाताच्या पिठाची, आत नारळ-गूळ भरलेली, दुधात उकळलेली पुली आठवायची. पुली आठवली की ती वळणारी बोटं आठवायची. नक्की हवीय ती पुली की ती बोटं, ते त्यांना कधी कळलं नाही. कशाचीही आठवण आली तरी इलाज मात्र एकच सापडला होता, आणि तो वरच्या फळीवर डब्यात होता.

आधी एक चमचा. मग, एकानं काय होतंय म्हणून दुसरा. निताईच्या दुकानात बंदी, गल्लीतला प्रत्येक माणूस बायकोचा हेर, पण पाहुण्यांच्या साखरेवर पहारा ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. महिन्याभरात डब्याचा तळ दिसायला लागला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे स्वयंपाकघरात कुठलीही वस्तू संपली असं म्हणत नाहीत. संपली म्हटलं की लक्ष्मी रुसते. तांदूळ संपले की बाई म्हणते, तांदूळ वाढले. तेल संपलं की तेल वाढलं. मराठीतही नाही का, दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. अगदी तसंच. जुन्या घरांत हे लहान पोरालाही कळतं. पण सूनबाई तृणा जन्मली दिल्लीत, वाढली दिल्लीत, आणि तिच्या आईच्या घरी वस्तू सरळ संपायच्या.

पौषातल्या त्या सकाळी एक दूरचे नातेवाईक माघातल्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. तरूनं चहा टाकला आणि साखर काढायला स्टूल ओढलं. स्टुलाचा आवाज ऐकताच अनादिबाबूंचं धाबं दणाणलं. पाहुण्यांना "जरा बसा" म्हणून ते आतल्या खोलीत गेले, पलंगावर आडवे झाले आणि डोक्यावरून रजई ओढून घेतली.

डबा रिकामा बघून तरूनं त्यांना तीन हाका मारल्या. उत्तर नाही. अकरा वाजलेच होते, म्हणून तिनं बंगळुरूला फोन लावला. शेफाली नातीला आंघोळ घालत होती. फोन तृणानं उचलला.

"वहिनींना सांगा, साखर वाढलीय," तरू म्हणाली.

"किती वाढलीय?"

"किती म्हणजे? साफ वाढलीय. परवा-परवापर्यंत बरी होती. आज बघते तर हे असं."

"बाबा कुठायत?"

"पडलेत."

"पडलेत? कधी?"

"हे आत्ता. मी स्टूल ओढलं आणि ते पडले. हाका मारतेय तर ओ देत नाहीत. तोंडावरून पांघरूण घेतलंय."

पलीकडून एक विचित्र आवाज आला आणि फोन बंद झाला. दिल्लीच्या माणसांना रीतभात म्हणून नाही, असं पुटपुटत तरूनं पाहुण्यांच्या चहात गुळाचा खडा टाकला.

तिकडे तृणानं सौम्यला ऑफिसात फोन केला. सौम्यनं भर मीटिंगमधून उठून बापीला फोन केला. बापी हा सौम्यचा शाळेतला मित्र आणि गल्लीतल्या नवारुण संघाचा सेक्रेटरी. संघानं दुर्गापूजेच्या सुमारास एक ॲम्ब्युलन्स घेतली होती, पण तीन महिन्यांत गल्लीत एकही धड आजारी पडला नव्हता. ॲम्ब्युलन्समधून आतापर्यंत फक्त मंडपाचे बांबू गेले होते. बापीनं फोन ठेवला आणि पाच मिनिटांत सहा माणसं, एक स्ट्रेचर आणि पूर्ण आवाजात भोंगा अनादिबाबूंच्या दारात हजर झाला. भोंगा ऐकून गल्लीतल्या बायका धावल्या. रजईखालचा माणूस बघून त्यातल्या एकीनं डोळ्याला पदर लावला. व्हरांड्यातल्या पाहुण्यांना प्रश्न पडला की या घरात आता लग्नाची पत्रिका ठेवावी की परत न्यावी. त्यांनी ती हळूच पिशवीत घातली आणि काढता पाय घेतला.

रजईखाली अनादिबाबूंना सहा जोड्या बुटांचा आवाज आला. गल्लीतली भांडणं संघच मिटवतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरूनं एवढ्याशा साखरेसाठी आपली फिर्याद संघात नेली, या विचारानं त्यांना रडू फुटायचंच बाकी राहिलं. डोळे घट्ट मिटूनच ते म्हणाले, "चूक झाली. पण सगळी मी नाही खाल्ली. थोडी मुंग्यांनी खाल्ली."

"भ्रम झालाय," बापी म्हणाला. "साखर मेंदूत चढली. उचला."

त्यांनी उचललं. अनादिबाबूंनी विरोध केला तेव्हा झटके येतायत असं ठरवून पट्टे बांधले. नर्सिंग होममध्ये पोचेपर्यंत अनादिबाबूंनी साखरेचे दोन किलो भरून देण्याचं चार वेळा कबूल केलं होतं. तरू मागून रिक्षानं आली आणि भेटेल त्याला सांगत सुटली की अहो, मी डब्याचं बोलले, डब्याचं. तिचं कुणी ऐकलं नाही. फक्त तिच्यासोबत आलेल्या, शेजारच्या गांगुलींच्या म्हाताऱ्या आईला कळलं, आणि ती बाकावर बसून इतकी हसली की नर्सनं तिचंही ब्लडप्रेशर मोजलं.

पण हसणं तिथेच थांबलं, कारण अनादिबाबूंच्या रक्ताचा आकडा आला: तीनशे ब्याण्णव. डॉक्टर पाकडाशींनी बापीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत. डब्यातली वाढली ती सगळी अंगात वाढली होती. तरूचा निरोप दोन्ही अर्थांनी खरा ठरला.

एक रात्र सलाईनवर काढून दुसऱ्या दिवशी दुपारी अनादिबाबू घरी आले, तर व्हरांड्यात शेफाली उभी. विमानानं आली होती. आठ महिन्यांत ती थोडी वाळली होती. अनादिबाबूंनी ठरवलं होतं की भेटल्यावर म्हणायचं, उगाच धावपळ केलीस. तोंडातून एवढंच निघालं, "आलीस?"

"आले," ती म्हणाली. "पाय धुवा आणि आत या."

पाय धुतले मात्र तिनंच. गरम पाण्याचं घमेलं पुढ्यात ठेवून तिनं त्यांचे लोकरी मोजे ओढून काढले. नर्सिंग होमच्या गडबडीत ते काढायचे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डाव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड होता, फुटलेला, कडेनं काळा पडलेला. तीन-चार दिवसांपूर्वी थंडीसाठी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन ते झोपले होते.

"हे कधी भाजलं?"

"काय?" अनादिबाबूंनी वाकून पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

शेफालीनं फोडाच्या कडेला बोट टेकवलं. मग दाबलं. "दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"तू हात लावलायस का?" त्यांनी विचारलं.

ती बराच वेळ तसाच पाय मांडीवर धरून बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती ते पुसत नव्हती. अनादिबाबूंना पहिल्यांदा भीती वाटली. आकड्यांची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. कचेरीत त्यांनी पुष्कळ आकडे पाहिले होते. पण बायकोचा हात पायावर आहे आणि आपल्याला तो कळत नाही, ही गोष्ट त्यांना सहन होईना. ज्या हातासाठी आठ महिने झुरलो, तो हात आला तर आपला पायच हजर नाही.

"मी आता खाणार नाही," ते म्हणाले.

"बघू," ती म्हणाली आणि औषध आणायला उठली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, व्हरांड्यात बिनसाखरेचा चहा पिताना, अनादिबाबूंनी ओशाळून खुलासा केला. म्हणाले, खरं तर तरूचा निरोप डब्याचा होता. सूनबाईंना आपली भाषा कळली नाही, म्हणून तुला एवढं धावत यावं लागलं.

"मला ठाऊक आहे," शेफाली म्हणाली.

"तरूनं सांगितलं?"

"तरू कशाला सांगायला हवी? सूनबाईनं येऊन मला शब्दन् शब्द सांगितला. साखर वाढलीय म्हणे. अडतीस वर्षं या घरात मी दुसरं काय बोलत आलेय?" तिनं कप खाली ठेवला. "कळलंच मला, की डबा रिकामा झाला. तुम्ही पांघरूण घेऊन कशाला पडलात, तेही कळलं."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

शेफालीनं कप पुन्हा उचलला. तिकडे घर मोठं आहे, म्हणाली. मुलं चांगली आहेत, नात तर जीव की प्राण. पण सोफ्यावर बसलं की पाय जमिनीला लागत नाहीत, आणि दुपारी चार वाजता कुणाला सांगावं की चार वाजले. जेवायला ज्वारीचं काहीतरी आणि पाला. आठ महिन्यांत माशाच्या कालवणात भात कालवलेला नाही. सूनबाईची आई कधीपासून यायचं म्हणत होती, निवृत्त झालीय, तिलाही नात हवीय. पण मी आपण होऊन उठून येणार कशी?

"तुम्ही एकदा तरी ये म्हणायचं होतं," ती म्हणाली. "रोज मेलं मजेत आहे, मजेत आहे. शेवटी डब्यानं बोलावलं, म्हणून आले."

 अनादिबाबूंनी आपल्या बशीतली काकडीची फोड उचलून तिच्या बशीत ठेवली.

मग रीतसर पथ्य सुरू झालं, आणि आता दोघांचं. मासे, पालेभाजी, दोघांना भाताची एकेक छोटी वाटी. पहिल्या घासाला शेफालीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून अनादिबाबूंना आपल्या वाटीतला अर्धा भात तिला द्यावासा वाटला, आणि आपल्याला भात द्यावासा वाटतो याचं त्यांना नवल वाटलं. डोकं पुन्हा दुखलं, हात पुन्हा थरथरले. पण यावेळी खेकसायला आपलं माणूस समोर होतं, आणि तेही उलटून खेकसत होतं. पंधरा दिवसांत दोन्ही थांबलं. तळव्याची जखम भरायला दोन महिने लागले.

एवढं सगळं नीट चाललेलं असताना एक नवीनच काळजी उभी राहिली. सौम्य दर रविवारी फोनवर विचारायचा, तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट कधी? डॉक्टरांनी सांगितलंय ना, सातच्या खाली आली की बाबा सुटले. मग आई, तू ये. तृणाची आई पाहुणी म्हणून आलीय, ती काय कायमची राहणार आहे? शेफाली फक्त बघू म्हणायची. अनादिबाबू शेजारी बसून ऐकायचे. म्हणजे बरं झालं की पुन्हा एकट्यानं व्हरांड्यात बसायचं.

फाल्गुनात एका दुपारी शेफाली गांगुलींकडे गेली असताना ते स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले आणि पुन्हा भरून ठेवलेला पाहुण्यांचा डबा उघडला. तोंडाला पाणी सुटलं नाही म्हणणं खोटं ठरेल. पण या खेपेला हिशेब वेगळा होता. रोज एक चमचा, जास्त नाही. रिपोर्ट आठाच्या आसपास रेंगाळेल आणि ती इथे राहील. चमचा भरून त्यांनी ओठांपर्यंत नेला. मग त्यांना मांडीवर घेतलेला पाय आठवला, आणि न पुसलेले डोळे. चमचा परत डब्यात रिकामा करून ते खाली उतरले आणि त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं.

चैत्रात, म्हणजे बंगाली वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, रिपोर्ट आला. सहा पूर्णांक सात. लॅबमधल्या माणसानं हसून अभिनंदन केलं. अनादिबाबूंनी कागद चौघडी करून खिशात घातला आणि पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले. शेफालीनं विचारलं तर म्हणाले, उद्या देतो म्हणाला. मग दुपारी ती झोपलेली बघून त्यांनी तो सरत्या वर्षाच्या पंचांगात, आश्विनाच्या पानात घातला. चैत्रात कुणी मागचा आश्विन उघडत नाही. चौतीस वर्षं दफ्तर सांभाळलेल्या माणसाला कागद कुठे नाहीसा करायचा ते बरोबर कळतं. उद्याही रिपोर्ट उद्याच मिळणार होता, आणि परवाही.

रविवारी सकाळी त्यांना राहवेना, म्हणून त्यांनी पंचांग उघडून पाहिलं. आश्विनात काही नव्हतं. कार्तिकात नव्हतं, भाद्रपदात नव्हतं. पंचांग उलटं धरून झटकलं तरी काही पडलं नाही.  आता ती विचारणार, का लपवलंत, आणि मग बॅग भरणार. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

शेफाली फोन खांद्यानं कानाशी धरून तांदूळ निवडत होती. पलीकडे सौम्य होता. तिच्या कमरेला, खोचलेल्या पदरात, एका चौघडी केलेल्या कागदाचं टोक दिसत होतं.

"नाही रे, कुठला आलाय," ती म्हणत होती. "इथली लॅब तुला माहितेय ना. रोज उद्या म्हणतात. आता बंगाली नवं वर्ष होईपर्यंत काही खरं नाही... हो, हो, आला की पहिला फोन तुलाच."

मग तिनं मान वर केली आणि दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं. अनादिबाबू काही बोलणार, तेवढ्यात तिनं तांदळाचा हात ओठांवर ठेवून त्यांना गप्प बसायची खूण केली, आणि पदर आणखी घट्ट खोचून घेतला.